गाडीच्या डोळ्यांतला मोतीबिंदू

पिवळट, धुरकट झालेले हेडलाइट गाडीची शोभा तर घालवतातच, पण रात्रीच्या प्रवासात जीवही धोक्यात घालतात. सुट्टीच्या एका सकाळी घरच्या घरी त्यांची दृष्टी परत आणता येते. मात्र त्यातली शेवटची पायरी गाळून चालत नाही.

रविवारची संध्याकाळ. मामल्लपुरमची लेणी आणि किनाऱ्यावरचे मंदिर पाहून एक मराठी कुटुंब ईस्ट कोस्ट रोडने चेन्नईकडे परत निघाले आहे. उजव्या हाताला समुद्र अंधारात बुडत चालला आहे. मागच्या सीटवर मुले पेंगुळली आहेत.

"अहो, दिवे लावलेत ना?" पत्नी विचारते.

"केव्हाच लावलेत."

"मग उजेड कुठे आहे?"

पतिराज उत्तर देणार, तोच डाव्या बाजूचा एक सायकलस्वार अंधारातून एकदम पुढ्यात येतो. ब्रेक करकचून दाबला जातो. मुले दचकून जागी होतात. सायकलस्वार मागे वळून रागाने काहीतरी बोलतो आणि पुढे निघून जातो. कुणाला काही लागलेले नाही, पण घर येईपर्यंत गाडीत कुणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी बल्ब तपासले जातात. दोन्ही बल्ब ठणठणीत. बॅटरीही नवी. मग लक्ष जाते ते हेडलाइटच्या काचेकडे. गाडी घेतली तेव्हा आरशासारखी लखलखणारी ती काच आता जुन्या बरणीसारखी पिवळट दिसते आहे. वर हात फिरवला तर खरखरीत लागते.

चेन्नईत किंवा समुद्रकाठच्या कोणत्याही शहरात, आठ-दहा वर्षे गाडी वापरलेल्या कुठल्याही घरात घडू शकेल असा हा प्रसंग. डोळ्यांच्या उपचारांसाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे चेन्नईच्या शंकर नेत्रालयात येतात. पण त्याच शहरातल्या हजारो गाड्या डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन रस्त्यावर धावत असतात आणि त्यांच्या मालकांना त्याचा पत्ताही नसतो. कारण मोतीबिंदूसारखाच हा दोषही हळूहळू वाढतो. रोज थोडा थोडा उजेड कमी होतो आणि आपण त्याला सरावत जातो.

काच नव्हे, प्लॅस्टिक

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. मद्रासजवळच्या वंडलूरच्या कारखान्यात १९६१ पासून तयार होऊ लागलेली स्टँडर्ड हेराल्ड असो, की मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत धावलेली काळी-पिवळी पद्मिनी, त्यांच्या हेडलाइटला खरी काच होती. दगड लागला तर ती फुटे, पण तीस वर्षे उन्हात राहूनही पिवळी पडत नसे. ओल्या फडक्याने पुसली की झाले.

आजच्या गाड्यांवर असते ते पॉलिकार्बोनेट नावाचे पारदर्शक प्लॅस्टिक. जर्मनी आणि अमेरिका या दोन देशांतल्या रसायनशास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे ते शोधून काढले. वजनाला हलके, हवा तसा आकार घेणारे आणि दगड लागला तरी सहसा न फुटणारे. गाडीच्या अंगाला चिकटून बसणारे, वळणदार, तिरपे हेडलाइट या प्लॅस्टिकमुळेच शक्य झाले. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास असे दिवे गाड्यांवर येऊ लागले. आपल्याकडे त्यांची ओळख सर्वसामान्यांना झाली ती प्रामुख्याने १९९० नंतरच्या नव्या गाड्यांबरोबर. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टै इथल्या कारखान्यातून १९९८ मध्ये ह्युंदाईची सँट्रो आणि मरैमलै नगरच्या कारखान्यातून १९९९ मध्ये फोर्डची आयकॉन बाहेर पडली. शहराला 'भारताचे डेट्रॉइट' म्हणू लागले ते याच काळात.

या प्लॅस्टिकमध्ये दोन उणिवा आहेत. त्याच्यावर ओरखडे फार लवकर पडतात आणि सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्याच्यावर एक कठीण, पारदर्शक थर चढवलेला असतो. हा थर म्हणजे हेडलाइटची छत्रीच. छत्री शाबूत आहे तोवर दिवा स्वच्छ राहतो. पण वर्षानुवर्षांच्या उन्हाने, धुळीने आणि घासून पुसण्याने ती विरत जाते, तिला बारीक भेगा पडतात. मग अतिनील किरण थेट प्लॅस्टिकपर्यंत पोहोचतात, त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटू लागतात आणि पृष्ठभाग पिवळा, धुरकट होतो.

चेन्नईचे ऊन

चेन्नई विषुववृत्तापासून जेमतेम १३ अंश उत्तरेला आहे. वर्षातून दोनदा, एप्रिलच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मे महिन्यातल्या 'अग्निनक्षत्रा'च्या दिवसांत तर माणसेही भर दुपारी घराबाहेर पडायचे टाळतात. गाडी मात्र उघड्यावर उभीच असते. बेझंट नगर, तिरुवान्मियूरसारख्या किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत वाऱ्याबरोबर बारीक वाळू आणि खारट दमट हवा येते. तिने दिव्यावर बसलेली धूळ आपण कोरड्या फडक्याने खसाखसा पुसतो आणि संरक्षक थरावर आणखी ओरखडे पाडतो.

एकाच गाडीचा एक दिवा जास्त आणि दुसरा कमी पिवळा झालेला पुष्कळदा दिसतो. गाडी रोज एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून उभी राहत असेल, तर ज्या बाजूला ऊन जास्त तो दिवा आधी बिघडतो. दोष मुख्यतः उन्हाचा आहे, बल्बच्या उष्णतेचा नव्हे, हे त्यावरून सहज लक्षात येते.

धोका केवढा?

अमेरिकेतल्या 'ट्रिपल ए' या मोटारचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये जुन्या, पिवळ्या पडलेल्या हेडलाइटची चाचणी घेतली. नव्या दिव्याच्या तुलनेत त्यांचा उजेड जेमतेम पाचव्या हिश्शाइतका भरला. उजेड पाचव्या हिश्शावर आला की दिव्याचा पल्ला निम्म्याहूनही कमी होतो. म्हणजे जी गोष्ट पूर्वी ६० मीटरवर दिसायची, ती आता २५-३० मीटरवर दिसते.

याचा अर्थ काय, ते साध्या हिशेबाने कळेल. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर माणूस दिसला, मेंदूने हुकूम दिला आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद सहज जातो. तेवढ्यात गाडीने २५ मीटर कापलेले असतात. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर ती थांबायला आणखी २० मीटर लागतात. एकूण झाले ४५. दिसते ३० मीटरवर आणि गाडी थांबते ४५ मीटरवर. मधले १५ मीटर कुणाचे तरी आयुष्य असते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पादचारी होते. अपघातांच्या संख्येत त्या वर्षी तमिळनाडूचा क्रमांक पहिला होता. दिवसातले सर्वाधिक अपघात घडतात ते संध्याकाळी ६ ते ९ या वेळात. यांतले किती मंद दिव्यांमुळे झाले, हे आकडे सांगत नाहीत. पण दिवेलागणीनंतरच्या त्या तीन तासांत गाडीला चांगली दृष्टी किती हवी, हे मात्र ते सांगतात.

धुरकट दिव्याचा त्रास समोरच्यालाही होतो. स्वच्छ दिव्याचा झोत रस्त्यावर पडतो. धुरकट प्लॅस्टिकमधून तोच प्रकाश फुटून चहूकडे पसरतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. प्रकाश डोळ्यांत जाऊ नये म्हणून हेडलाइटच्या मध्यभागी काळी टिकली चिकटवण्याची पद्धत तमिळनाडूत आहे. पण धुरकट दिव्यावर टिकली लावून विखुरलेला प्रकाश थांबत नाही. जास्त वॉटचा बल्ब बसवणे हा तर उफराटा उपाय झाला. त्याने विखुरणारा प्रकाश वाढतो, वायरिंग आणि दिव्याचे आतले भाग तापतात, शिवाय ते बेकायदा आहे.

आधी परीक्षा, मग उपाय

हात घालण्यापूर्वी दिव्याची परीक्षा करा. सोपी युक्ती अशी : दिवा धुऊन त्याच्यावर पाणी ओता. पाणी असेपर्यंत दिवा स्वच्छ दिसला आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाला, तर दोष बाहेरच्या बाजूला आहे. तो घरी दूर होण्यासारखा आहे. पाणी ओतूनही धुरकटपणा तसाच राहिला, किंवा आत पाण्याचे थेंब साचलेले दिसले, तर दोष आतला आहे. आतून ओल येत असेल तर बाहेरून कितीही घासले तरी काही उपयोग होणार नाही. अशा वेळी मेकॅनिककडेच जायला हवे.

गाडी फार जुनी असेल तर दिवा काचेचा नाही ना, तेही पाहा. नखाने टिचकी मारल्यावर काचेचा आवाज खणखणीत येतो, प्लॅस्टिकचा बद येतो. बऱ्याच दिव्यांवर कोपऱ्यात कोरलेल्या अक्षरांमध्ये इंग्रजीत 'पीएल' अशी खूण असते. ती प्लॅस्टिकची. खऱ्या काचेला पॉलिश पेपर कधीही लावू नये.

आदल्या रात्री आणखी एक गोष्ट करून ठेवा. गाडी एखाद्या भिंतीपासून पाच-सात मीटरवर उभी करून डिपर लावा आणि भिंतीवर पडलेल्या उजेडाचा फोटो काढा. काम झाल्यावर त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढला की किती फरक पडला, ते कुणी सांगावे लागणार नाही.

काय काय लागेल?

रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे वॉटर पेपर : ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे. मिळाला तर ३००० नंबरचाही. मास्किंग टेप, बादलीभर स्वच्छ पाणी, साबण, दोन-तीन मऊ सुती फडकी, गाडीचे रबिंग पॉलिश, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा, हेडलाइटसाठीच बनवलेला पारदर्शक लेप. हे सगळे एकत्र असलेले संचही मिळतात. चेन्नईत माउंट रोडजवळच्या जनरल पॅटर्स रोडवर, म्हणजे तिथल्या लोकांच्या 'जी. पी. रोड'वर, गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. संच घेताना खोक्यावर अतिनील संरक्षणाचा उल्लेख आहे का, ते वाचून घ्या. नुसतेच पॉलिश असलेला संच स्वस्त असतो, पण त्याचे काम अर्धेच असते.

दोन्ही दिव्यांना मिळून दोन ते तीन तास लागतील. दिवस कोरडा निवडा. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर हे पावसाचे महिने टाळलेले बरे, कारण दमट हवेत लेप वाळताना दुधाळ होतो. जानेवारी ते मार्चमधली सकाळ उत्तम. गाडी सावलीत उभी करा. तापलेल्या दिव्यावर लेप सारखा बसत नाही.

कृती

१. धुलाई : दिवा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करा. वाळूचा एक कण जरी राहिला तरी घासताना खोल ओरखडा पडतो.

२. टेप : दिव्याभोवतीच्या बॉनेट, बंपर आणि पत्र्यावर मास्किंग टेपचे दोन थर लावा. ही पायरी गाळली तर दिवा सुधारेल, पण गाडीचा रंग बिघडेल.

३. घासणे : ८०० नंबरचा पेपर दहा मिनिटे पाण्यात भिजवा. दिव्यावर सतत पाणी ठेवत, सारखा दाब देत, आडव्या दिशेने घासा. सुरुवातीला पिवळट पाणी निघेल. तो जुना, मेलेला थर. पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत आणि दिवा सगळीकडून सारखा, दुधी काचेसारखा दिसेपर्यंत घासत राहा. या टप्प्यावर अनेकांचा धीर सुटतो, कारण दिवा पूर्वीपेक्षाही वाईट दिसतो. घाबरू नका. तो तसाच दिसायला हवा.

४. पुढचे नंबर : आता १००० नंबरचा पेपर घ्या आणि उभ्या दिशेने घासा. मग १५०० आडवा, २००० उभा. प्रत्येक वेळी दिशा बदलल्यामुळे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाहीत, ते स्पष्ट दिसते. ते पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर घेऊ नका. प्रत्येक पेपरनंतर दिवा आणि बादलीतले पाणी दोन्ही स्वच्छ करा.

५. पॉलिश : मऊ फडक्यावर थोडे रबिंग पॉलिश घेऊन गोल गोल फिरवत चोळा. दिवा हळूहळू उजळू लागेल. काही लेप पॉलिश न करता थेट २००० नंबरच्या घासलेल्या पृष्ठभागावरच लावायचे असतात. तेव्हा आपल्या संचावरच्या सूचना आधी वाचा.

६. पुसणे : आयसोप्रोपिल अल्कोहोलने दिवा पुसून घ्या. पॉलिशचा तेलकटपणा राहिला तर लेप धरत नाही. त्यानंतर दिव्याला बोट लावू नका.

७. लेप : संरक्षक लेप पातळ आणि सलग लावा. फडक्याने लावायचा असेल तर एकाच दिशेने, फवाऱ्याचा असेल तर दोन-तीन हलके हात, मधे वाळायला वेळ देऊन. फवारा मारताना जागा मोकळी हवी आणि नाकावर मास्क हवा. दोन भाग मिसळून वापरायचे काही लेप श्वासावाटे गेल्यास घातक असतात. मुलांना तिथून दूर ठेवा. लेप लावल्यावर किमान एक दिवस दिवा पाण्यापासून जपा.

शेवटची पायरी का गाळू नये?

पाचव्या पायरीनंतर दिवा इतका झकास दिसतो की काम संपले असे वाटते. इथेच बहुतेकांची फसगत होते. घासल्यामुळे जुना संरक्षक थर, उरलासुरला होता तोही, निघून गेलेला असतो. आता उघडे पडलेले प्लॅस्टिक चेन्नईच्या उन्हाला थेट तोंड देणार. लेप नसेल तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा पडू लागतो, आणि या खेपेला पूर्वीपेक्षा लवकर. मोतीबिंदू काढायचा आणि भिंग बसवायचे नाही, असा हा प्रकार.

टूथपेस्टचा घरगुती उपायही याच कारणाने अपुरा ठरतो. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी बारीक खरखरीत चूर्ण असते. ते वरवरचा धुरकटपणा काढते, म्हणून दिवा उजळतो. पण ती संरक्षण देत नाही. लांबच्या प्रवासाला निघण्याआधीची तात्पुरती मलमपट्टी म्हणून ती ठीक आहे.

काही गोष्टी मात्र मुळीच करू नयेत. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचे अ‍ॅसिटोन यांनी दिवा पुसू नका. डास पळवणाऱ्या काही फवाऱ्यांमध्ये असलेले 'डीट' हे रसायनही तसेच. ते प्लॅस्टिकचा वरचा भाग विरघळवते. त्यामुळे क्षणभर दिवा चकचकीत दिसतो, पण पुढे चिकट होतो आणि तडकतो. भांडी घासायची तारेची घासणी किंवा राख वापरू नका. पूजेची समई ज्या हाताने घासता, त्या हाताने हा दिवा घासायचा नाही.

नवा दिवा केव्हा?

घरच्या उपायालाही मर्यादा आहेत. 'ट्रिपल ए'च्या त्याच चाचणीत घरी किंवा व्यावसायिकाकडून साफ केलेल्या दिव्यांचा उजेड नव्या दिव्याच्या सुमारे ७० टक्के भरला. पाचव्या हिश्शावरून इथपर्यंत येणे ही लहान गोष्ट नव्हे. पण आतला चकाकता परावर्तक काळवंडला असेल, प्लॅस्टिक आतपर्यंत तडकले असेल किंवा पाणी शिरत असेल, तर घासत बसण्यात अर्थ नाही. तिथे दिवा बदलणेच शहाणपणाचे. कंपनीचा मूळ दिवा महाग पडतो, पण उजेड पूर्ण देतो. बाजारातले इतर दिवे स्वस्त असतात. 'ट्रिपल ए'च्या चाचणीत त्यांचा उजेडही बराच चांगला भरला, पण झोताची तीव्रता आणि दिशा या कसोट्यांवर ते कमी पडण्याची शक्यता अधिक आढळली. चेन्नईच्या पुदुपेटमध्ये जुन्या गाड्यांचे भाग मिळतात. तिथे दिवा घेताना एवढे लक्षात ठेवा की त्याच्यावरही इतकीच वर्षे ऊन पडलेले असू शकते. दिवा बदलला की झोताची उंची मेकॅनिककडून नीट लावून घ्यायलाच हवी.

पुन्हा होऊ नये म्हणून

गाडी सावलीत उभी करा. सावली नसेल तर निदान तोंड भिंतीकडे करा आणि अधूनमधून दिशा बदला. दिव्यावरची धूळ कोरडी न पुसता आधी पाण्याने सोडवा. किडे आणि पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी धुऊन काढा. दोन-तीन महिन्यांतून एकदा गाडीबरोबर दिव्यांनाही मेण लावा. आणि पृष्ठभाग पुन्हा किंचित मंद वाटू लागला की पूर्ण पिवळा होण्याची वाट न पाहता नवा लेप द्या.

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने गाडीचे दिवे लागलेले हवेत, आणि एरवीही १५५ मीटरवरची माणसे व वाहने स्पष्ट दिसत नसतील तर ते लावावेत, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात. दिवा लावला की कायद्याचे काम झाले. तो उजेड रस्त्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहायचे काम घरच्यांचे.

पूर्वी गावाकडे दिवेलागणीच्या आधी आजी कंदिलाची काच उतरवून पुसायला बसायची. वातीत तेल कितीही असले तरी काच काजळलेली असेल तर उजेड पडत नाही, हे तिला ठाऊक होते. कंदील गेले, त्यांच्याबरोबर ती सवयही गेली. अंगणात आता गाडी उभी असते. आज संध्याकाळी फिरायला निघण्यापूर्वी तिच्या दिव्यांवरून एकदा हात फिरवून पाहा.